घातक कचऱ्याचे वर्ग क्रमांक (भारत)

कारखान्यांतून निघणाऱ्या घातक कचऱ्याला भारतात केंद्र सरकारच्या 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार क्रमांक दिला जातो. नियमांच्या पहिल्या अनुसूचीत 38 प्रक्रिया आहेत. टिंबाआधीचा आकडा प्रक्रियेचा, नंतरचा त्या प्रक्रियेतल्या कचऱ्याचा. दवाखान्यातला कचरा, बॅटऱ्या व ई-कचरा यांचे नियम वेगळे आहेत.

ड्रममध्ये काय आहे यापेक्षा ते कुठून आले, हे आधी पाहावे. औषधनिर्मितीतले वापरलेले सॉल्व्हंट (पदार्थ विरघळवणारे द्रव) 28.6 मध्ये जाते. तेच दुसऱ्या उद्योगात वापरून झाले तर 20.2. यंत्रातून काढलेले तेल 5.1, तेलकट गाळ 5.2, रसायनाने माखलेल्या चिंध्या 33.2, रसायनांचे रिकामे ड्रम 33.1 आणि ईटीपीचा (कारखान्याच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या यंत्रणेचा) रासायनिक गाळ 35.3. पुढची वाट यावरच ठरते: 5.1 चे तेल अधिकृत पुनर्प्रक्रियेला जाऊ शकते, 35.3 चा गाळ बहुधा तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या सामायिक कचरा केंद्रात सुरक्षित भरावावर (गळती न होणाऱ्या, अस्तर घातलेल्या खड्ड्यात) जातो.

पहिल्या अनुसूचीत नोंद सापडली नाही, तर दुसरी पाहावी. तिथे प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. टीसीएलपी चाचणीत (कचऱ्यातून द्रवात किती विषारी द्रव्य झिरपते ते पाहणारी चाचणी) लिटरमागे 5 मिलिग्रॅम शिसे किंवा 1 मिलिग्रॅम कॅडमियम उतरले, तर कचरा घातक ठरतो. पहिल्या अनुसूचीतला कचरा घातक नाही हेही दुसऱ्या अनुसूचीच्याच आधारे दाखवता येते. ही सोय फार थोडे जण वापरतात.

चुका बहुतेक कागदावर होतात. 2008 च्या नियमांत ईटीपीचा गाळ 34.3 होता, जुना मसुदा पुढे ओढत नेल्याने तो क्रमांक आजही अर्जांत दिसतो. ड्रमची मंजुरी नगांत आणि मॅनिफेस्टवर (गाडीसोबतच्या फॉर्म 10 वर) मात्र किलो, हाही नेहमीचा घोळ. परवानगीपत्र व मॅनिफेस्ट जुळले नाही, तर केंद्राच्या काट्यावरून गाडी परत फिरू शकते. याहून महाग पडणारी चूक म्हणजे कॅन्टीन-संडासाच्या एसटीपीचा (मैलापाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा) गाळ ईटीपीच्या गाळात मिसळणे: मग सगळा ढीग 35.3 म्हणून, घातक कचऱ्याच्या दराने उचलावा लागतो. दोन्हींचे ड्राइंग बेड (गाळ वाळवायचे वाफे) पहिल्यापासून वेगळे ठेवावेत.

साठवणुकीची मुदत सर्वसाधारणपणे 90 दिवस आहे. ड्रमवर फॉर्म 8 चे पिवळे लेबल लावतात. गाडीसोबतच्या फॉर्म 10 च्या सात रंगीत प्रती असतात. निळी प्रत कचरा स्वीकारणाऱ्याकडून कारखान्याला परत येते, आणि ती आली नाही तर लगेच पाठपुरावा करावा. फॉर्म 3 मधील रोजची नोंद क्रमांकवार ठेवली, की 30 जूनपर्यंत भरायचे फॉर्म 4 चे वार्षिक विवरण तिच्यावरूनच तयार होते.