राज्यशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम

राज्यशास्त्र हा मुख्य विषय घेऊन पूर्ण करायचा पहिला विद्यापीठीय अभ्यासक्रम. सत्ता कोणाच्या हाती असते, ती मिळते कशी, टिकते कशी आणि लोक ती का मानतात, हे त्याचे मूळ प्रश्न. इंग्लंडमध्ये त्याला सहसा तीन वर्षे लागतात, स्कॉटलंड आणि अमेरिकेत चार. युरोपातील श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत पूर्ण वर्ष ६० श्रेयांकांचे असते आणि एक श्रेयांक म्हणजे २५ ते ३० तासांचे काम. त्यामुळे सहा श्रेयांकांची एक अभ्यासपत्रिका दीडशे ते एकशे ऐंशी तास मागते. त्यातले वर्गात जाणारे तास थोडे; उरलेले वाचनात आणि लेखनात जातात. वेळापत्रकावर आठवड्याला दहा-बारा तास दिसतात म्हणून विषय हलका समजणारा विद्यार्थी पहिल्या सत्राच्या अखेरीस अडचणीत येतो.

हा अभ्यासक्रम शाळेतल्या नागरिकशास्त्राची मोठी आवृत्ती नव्हे आणि राजकारणात उतरण्याचे प्रशिक्षणही नव्हे. नागरिकशास्त्र संसदेची रचना सांगते. राज्यशास्त्र विचारते की सारखीच रचना असलेल्या दोन संसदांपैकी एक सरकारला धारेवर धरते आणि दुसरी नुसती मान का डोलावते.

विद्यापीठीय विषय म्हणून राज्यशास्त्र तसे नवे आहे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात वक्तृत्व आणि राज्यकारभार यांचे अध्यासन १६२२ मध्येच स्थापन झाले होते. पण स्वतंत्र शिक्षणसंस्था आणि विभाग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभे राहिले. १८७२ मध्ये पॅरिसला राज्यशास्त्राचे खासगी विद्यालय निघाले, १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबियात स्वतंत्र शाखा सुरू झाली, १८९५ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथ येथे आंतरराष्ट्रीय राजकारणाचे अध्यासन आले. तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र एकत्र शिकवणारी ऑक्सफर्डची पदवी १९२० च्या सुमारास सुरू झाली. अशा जोडपदव्या आज जगभर आहेत.

अभ्यासाचे भाग बहुतेक ठिकाणी पाच. राजकीय सिद्धांत, तौलनिक राजकारण, आंतरराष्ट्रीय संबंध, लोकप्रशासन व सार्वजनिक धोरण, आणि संशोधनपद्धती. पहिल्या वर्षी सगळ्यांची तोंडओळख होते, दुसऱ्या वर्षापासून निवड करायची असते. पद्धतीची अभ्यासपत्रिका मात्र बहुधा सक्तीची असते आणि विद्यार्थी सर्वाधिक अडखळतात तेही तिथेच.

सिद्धांतात प्लेटो, अ‍ॅरिस्टॉटलपासून मॅकियाव्हेली, हॉब्ज, लॉक, रूसो, मिल, मार्क्स असा क्रम रूढ आहे. आता त्यात वसाहतवादविरोधी आणि स्त्रीवादी विचारांची भर पडली आहे. इथे ‘हॉब्ज काय म्हणाला’ एवढ्यावर भागत नाही. राज्यसंस्था नसेल तर माणसे परस्परांच्या भीतीत जगतील, या गृहीतकावरून सर्वंकष सार्वभौमापर्यंत तो कोणत्या पायऱ्यांनी पोचतो आणि त्यातली कोणती पायरी कच्ची आहे, हे दाखवावे लागते. शब्दही नेमके वापरावे लागतात. सत्ता म्हणजे दुसऱ्याकडून काही करवून घेण्याची क्षमता. अधिसत्ता म्हणजे तसे करण्याचा मान्य झालेला अधिकार. अधिमान्यता म्हणजे तो अधिकार योग्य आहे ही लोकांची धारणा. दरोडेखोराकडे पहिली असते, उरलेल्या दोन नसतात. राजकारण, राज्यव्यवस्था आणि धोरण असे तीन वेगळे शब्द मराठीत आयतेच आहेत. उत्तरपत्रिकेत मात्र तिन्हींसाठी ‘राजकारण’ हाच शब्द सर्रास येतो आणि मग युक्तिवाद विसविशीत होतो.

तौलनिक राजकारणाची परंपरा अ‍ॅरिस्टॉटलपर्यंत नेली जाते. त्याच्या शिष्यवर्गाने १५८ राज्यघटनांची वर्णने जमवली असे प्राचीन याद्या सांगतात. त्यांपैकी अथेन्सचे वर्णन तेवढे मोठ्या प्रमाणात हाती लागले आहे. या शाखेत नेमके काय करायचे असते, हे निवडणूकपद्धतीच्या एका गणितात दिसते. पाच जागा आहेत आणि शंभर हजार मतांपैकी अ पक्षाला ४६ हजार, ब ला २८ हजार, क ला १७ हजार, ड ला ९ हजार मते आहेत. मतांच्या प्रमाणात जागा वाटण्याच्या डाँट पद्धतीत प्रत्येकाची मते १, २, ३ अशा क्रमाने भागतात आणि सर्वांत मोठ्या पाच भागाकारांना जागा देतात. इथे ते ४६, २८, २३, १७ आणि १५.३ हजार असे येतात. म्हणजे अ ला तीन, ब आणि क ला प्रत्येकी एक. सेंट-लाग पद्धतीत भाजक १, ३, ५ असे असतात. मग शेवटच्या जागेसाठी ब चे ९.३ हजार, अ चे ९.२ हजार आणि ड चे ९ हजार अशी चुरस होते आणि जागा ब कडे जाते: अ दोन, ब दोन, क एक. आणि पाच एकसदस्यीय मतदारसंघ करून प्रत्येकात मते याच प्रमाणात पडली, तर पाचही जागा अ च्या. एकही मतदार न बदलता निकाल तीन. हे गणित हाताने केलेल्या विद्यार्थ्याला ‘जनतेचा कौल’ हा शब्द सहजी वापरवत नाही.

याच संदर्भात फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मॉरिस द्युव्हर्जेचा नियम शिकवतात: सर्वाधिक मतांचा उमेदवार विजयी या पद्धतीतून द्विपक्षीय व्यवस्था घडते. भारत आणि कॅनडा (पद्धत तीच, पक्ष मात्र अनेक) ही त्यावरची नेहमीची हरकत. नियमाची यंत्रणा मुळात मतदारसंघाच्या पातळीवर चालते. वेगवेगळ्या प्रदेशांत दोन-दोन पक्षांच्या वेगवेगळ्या जोड्या असतील, तर देशभरात पक्ष अनेक दिसतात. एवढे कळले की उदाहरण आणि अपवाद कसे हाताळायचे याचा अर्धा धडा झाला.

संशोधनपद्धतीत सांख्यिकी येते म्हणून अनेकांचा धीर सुटतो, पण लागणारे गणित माफक असते. यादृच्छिक निवडलेल्या १,००० जणांच्या नमुन्यात टक्केवारीची चूक ९५ टक्के विश्वासपातळीला सुमारे तीन टक्के-बिंदू इकडेतिकडे असते. ती निम्मी करायची तर ४,००० माणसे लागतात. मात्र नमुना एकांगी असेल तर आकार कामाला येत नाही. १९३६ मध्ये अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने दूरध्वनी यादी, मोटारनोंदणी अशा स्रोतांतून सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यावरून अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असे भाकीत केले. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. यादी सुखवस्तूंकडे झुकलेली होती आणि उत्तर पाठवणारेही सर्वांचे प्रतिनिधी नव्हते.

आणखी एक चूक संख्या न वापरणारेही करतात. क्रांती का होते हे शोधताना फक्त क्रांती झालेले देश निवडायचे. त्या सगळ्यांत दारिद्र्य आढळले म्हणून दारिद्र्य हे कारण ठरत नाही. तेवढेच दारिद्र्य असून क्रांती न झालेले देश पाहिलेलेच नसतात.

वाचनाचा भार आठवड्याला शंभर-दीडशे पाने सहज होतो. शोधनिबंध कादंबरीसारखा पहिल्या ओळीपासून वाचू नये. आधी सारांश, मग प्रस्तावनेतला प्रश्न, मग निष्कर्ष, मग तक्ते. इतक्यावर लेखकाचा दावा एका वाक्यात लिहिता आला नाही तरच मधला भाग बारकाईने घ्यावा. अभिजात ग्रंथांना हा मार्ग चालत नाही. तिथे वीस पाने दोनदा वाचणे दोनशे पाने चाळण्यापेक्षा फायद्याचे.

निबंध साधारण दीड ते अडीच हजार शब्दांचा असतो. गुण जातात ते बहुधा माहिती कमी पडल्याने नाही, तर प्रश्न सोडून दिल्याने. ‘अध्यक्षीय पद्धत अस्थिर असते का?’ असे विचारले असता अध्यक्षीय पद्धतीची वैशिष्ट्ये लिहिणारे निम्मे. पहिल्याच परिच्छेदात उत्तर द्यावे, ‘अस्थिर’ म्हणजे काय मोजणार ते सांगावे, आपल्या विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा स्वतःच मांडावा आणि मग त्याचे काय करायचे ते ठरवावे. ‘असे आहे’ आणि ‘असे असावे’ यांची सरमिसळ हा दुसरा दोष. सक्तीच्या मतदानाने मतदान वाढते का, हा पुराव्याचा प्रश्न. सक्ती न्याय्य आहे का, हा मूल्यांचा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या जागी चालत नाही. वर्तमानपत्रे रोज वाचणारा, मते ठाम असलेला विद्यार्थी इथे जास्त घसरतो.

अखेरच्या वर्षाच्या लघुप्रबंधाची मर्यादा अनेक विद्यापीठांत आठ ते बारा हजार शब्दांची असते. विषय जवळजवळ नेहमीच फार मोठा घेतला जातो. ‘सोशल मीडिया आणि लोकशाही’ हा विषय नव्हे, शीर्षकाचा तुकडा आहे. एक देश, एक निवडणूक, दोन पक्ष आणि त्यांच्या जाहीर संदेशांतला एकच मुद्दा, इथपर्यंत आल्यावर काम सुरू होते. मुलाखती घ्यायच्या असतील तर नीतिसमितीची परवानगी आधी लागते. तिला काही आठवडे जातात. सामग्री मिळेल का, हे प्रश्न पक्का करण्यापूर्वी तपासावे.

या पदवीने कोणताही व्यवसाय-परवाना मिळत नाही. वकिलीसाठी बहुतेक देशांत वेगळी अर्हता लागते, परराष्ट्रसेवेसाठी स्पर्धात्मक निवड. पदवीधर प्रशासन, पत्रकारिता, स्वयंसेवी संस्था, धोरणसंशोधन आणि जनमतचाचण्यांच्या क्षेत्रांत जातात. शेवटच्या दोन ठिकाणी पद्धतीच्या अभ्यासपत्रिकेत शिकलेले विशेष उपयोगी पडते.