अठरा वर्षांनंतर आईवडील आपोआप पालक राहत नाहीत

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाचे आईवडील हे त्याचे जन्मभराचे कायदेशीर पालक असतात, हा घरोघरचा समज चुकीचा आहे. तिशीतल्या लेकाच्या शर्टाची बटणे आई रोज लावून देत असली, तरी १८ वर्षे पूर्ण होताच तो कायद्याने सज्ञान ठरतो आणि बँकेत त्याच्या सहीऐवजी तिची सही आपोआप चालत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असल्यास १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालकत्व मिळवावे लागते (खेटे घालावे लागतात, हेही खरे). नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यायचा असतो, मग ती सख्खी आई का असेना.