पाहणे घडते ते डोळ्याआड

फिकट रंगाचे एखादे अप्पेपात्र ओट्यावर ठेवावे. खिडकी पलीकडच्या बाजूला असावी, म्हणजे तिचा उजेड पात्रावर तिरपा पडेल. मग मोबाइलवर वरून त्याचा फोटो काढावा. मात्र मूठ आणि कडा फोटोत येऊ देऊ नयेत. फोटोत खळगे खळग्यांसारखेच दिसतील. आता मोबाइल उलटा धरावा, खालची बाजू वर. बहुतेकांना त्या क्षणी खळग्यांच्या जागी फुगीर उंचवटे दिसू लागतात, आणि हे अप्पेपात्र आहे हे पक्के ठाऊक असूनही ते पुन्हा खळगे व्हायला तयार होत नाहीत.

फोटोत काहीही बदललेले नाही. बदलला आहे तो त्याचा अर्थ. डोळ्याच्या मागच्या बाजूला असलेल्या दृष्टिपटलावर पडणारी प्रतिमा एखाद्या पडद्यावरच्या चित्रासारखी असते. तिच्यात लांबी-रुंदी असते, खोली नसते. खळग्याची आपल्याकडची बाजू उजळलेली आणि पलीकडची सावलीत असेल, तर उजेड वरून येत आहे असे धरल्यास तो खळगा ठरतो आणि खालून येत आहे असे धरल्यास उंचवटा. दोन्ही उत्तरे तितकीच बरोबर असताना मेंदू पहिले निवडतो, कारण सूर्य वर असतो आणि दिवेही बहुधा वरच असतात. हे ‘वर’ आकाशाच्या हिशेबाने ठरत नाही, मुख्यतः डोक्याच्या हिशेबाने ठरते; त्यामुळे फोटो सरळ ठेवून स्वतः ओणवे होऊन दोन पायांमधून त्याकडे पाहिले, तरी खळग्यांचे उंचवटे होतात. (हा प्रयोग घरात कोणी नसताना करणे बरे.)

हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात या प्रक्रियेला अजाणता काढलेले अनुमान म्हटले होते. इंद्रियांकडून येणारी माहिती अपुरी असते, म्हणून पूर्वानुभवाच्या आधारे तिचा सर्वांत संभाव्य अर्थ लावला जातो आणि तो आपल्यासमोर थेट ‘दिसणे’ म्हणून येतो, असे त्याचे म्हणणे होते. दोरीच्या जागी साप दिसल्याचा दृष्टांत आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, पण तो सांगितला जातो भ्रमाचे उदाहरण म्हणून. हेल्महोल्ट्झचे म्हणणे याहून अधिक अडचणीत टाकणारे आहे, कारण त्याच्या मते दोरी दोरी म्हणून दिसते तेव्हाही मेंदूने अंदाजच बांधलेला असतो. फक्त तो बरोबर आलेला असतो.

हा अंदाज किती बेमालूम असतो ते पाहण्यासाठी एकरेघी वहीचे एक पान पुरे आहे. एका रेघेवर डावीकडे फुली आणि तिच्यापासून सुमारे ८ सेंटिमीटर उजवीकडे एक टपोरा ठिपका काढावा. डावा डोळा झाकून उजव्या डोळ्याने फुलीवरच नजर खिळवावी आणि वही हळूहळू जवळ आणावी. ती डोळ्यापासून साधारण ३० सेंटिमीटरवर आली की ठिपका नाहीसा होतो. दृष्टिपटलावरून मेंदूकडे जाणारे सुमारे १० लाख चेतातंतू ज्या जागी एकत्र होऊन डोळ्याबाहेर पडतात, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. त्या जागेला अंधबिंदू म्हणतात, आणि ठिपक्याची प्रतिमा नेमकी तिथे पडलेली असते. पण खरी गंमत पुढची आहे. ठिपक्याच्या जागी काळे भोक दिसत नाही. वहीची रेघ तिथून सलग पुढे गेलेली दिसते. जिथून कोणतीही खबर आलेली नाही, तिथे आजूबाजूला आहे तेच असणार असे मेंदूने गृहीत धरलेले असते.

मिळालेल्या माहितीची जुळवाजुळव कशी होते, हा याच्या पुढचा प्रश्न. रांगोळीसाठी सारख्या अंतरावर ठिपके मांडले की ते आडव्या ओळींत आहेत की उभ्या, हे नक्की सांगता येत नाही. नजर कधी एक बाजू घेते, कधी दुसरी. मात्र उभे अंतर थोडे कमी केले की उभ्या ओळी आपोआप उठून दिसतात, आणि एकाआड एक आडव्या ओळीत लाल रांगोळी घातली की त्याच ठिपक्यांच्या आडव्या ओळी होतात. जवळचे ते एकत्र, सारखे ते एकत्र, एकाच दिशेने सरकते ते एकत्र, असे हे नियम माक्स व्हेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९२३ साली ठिपक्यांच्याच आकृत्या घेऊन मांडले.

कानाचेही तसेच आहे. १९७६ मध्ये हॅरी मॅगर्क आणि जॉन मॅकडॉनल्ड यांनी ‘बा’ हा आवाज ‘गा’ म्हणणाऱ्या चेहऱ्याच्या चित्रफितीला जोडला, तेव्हा पाहणाऱ्यांपैकी बहुतेक प्रौढांना ‘दा’ ऐकू आले; डोळे मिटताच पुन्हा ‘बा’. मराठी वाचकाला अधिक जवळचा वाटेल तो जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांचा १९८४ मधला प्रयोग. हिंदीतले दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ हे आवाज त्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या मुलांना ऐकवले. ६ ते ८ महिन्यांच्या बहुतेक बाळांना त्यांतला फरक कळत होता. १० ते १२ महिन्यांच्या मुलांपैकी फारच थोड्यांना. पहिला वाढदिवस येईपर्यंत कोणते भेद कामाचे आणि कोणते सोडून देण्याजोगे, हे घरातल्या भाषेने ठरवून टाकलेले असते. ‘ताट’ या शब्दात आपल्याला लख्ख वेगळी ऐकू येणारी दोन व्यंजने इंग्रजी भाषकाला एकच का वाटतात, याचे कारण कानात नाही.

म्हणजे हे सारे शिकूनच येते का? १६८८ साली विल्यम मोलिन्यू या आयरिश गृहस्थाने तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना पत्रातून विचारले होते की, जन्मांध माणसाला स्पर्शाने घन आणि गोल ओळखता येत असतील आणि त्याला अचानक दृष्टी आली, तर हात न लावता, नुसते पाहून, त्याला ते ओळखता येतील का? लॉक यांचे उत्तर ‘नाही’ असे होते. पण अशी माणसे मिळणार कुठे? पाश्चात्त्य देशांत जन्मजात मोतीबिंदूवर बहुधा तान्हेपणीच शस्त्रक्रिया होते. भारतात मात्र गरिबी आणि अंतर यांमुळे अनेक मुले बरे होण्याजोगे अंधत्व घेऊन वाढतात. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये काम करणारे पवन सिन्हा यांनी दिल्लीत सुरू केलेला ‘प्रोजेक्ट प्रकाश’ अशा मुलांवर उपचार करतो आणि त्यांच्या नव्या दृष्टीचा अभ्यासही करतो. तीनशे वर्षांच्या तात्त्विक प्रश्नाचे उत्तर आपल्या आरोग्यव्यवस्थेच्या उणिवेमुळे मिळावे, ही गोष्ट थोडी बोचतेच.

या प्रकल्पातला २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांवर झाला, तोही शस्त्रक्रियेनंतर ४८ तासांच्या आत. खेळण्यातल्या ठोकळ्यांसारख्या वस्तूंच्या जोड्या होत्या. एक वस्तू हाताने चाचपून मग दोन वस्तूंमधून तीच पुन्हा हातानेच ओळखायची, यात मुले ९८ टक्के वेळा बरोबर होती. पाहून पुन्हा पाहून ओळखण्यात ९२ टक्के. पण हाताने चाचपलेली वस्तू डोळ्यांनी ओळखायची म्हटल्यावर प्रमाण ५८ टक्क्यांवर आले, म्हणजे नाणे उडवून उत्तर दिल्यापेक्षा फारसे बरे नाही. लॉक यांचे उत्तर बरोबर ठरले. तरी काही दिवसांनी पुन्हा तपासलेल्या मुलांना हीच गोष्ट बरीच चांगली जमू लागली होती, आणि मधल्या काळात त्यांना कोणी मुद्दाम शिकवले नव्हते.

२००९ मधला अभ्यास त्याहून चकित करणारा आहे. उशिरा दृष्टी मिळालेल्या तिघांना एकमेकांवर चढलेले वर्तुळ आणि चौकोन दाखवले, तर त्यांना दोन आकृत्या दिसत नव्हत्या. रेघांनी वेढलेला प्रत्येक तुकडा त्यांना सुटी वस्तू वाटे. वस्तूवरची सावली, अंगावरचे ठिपके, जिथे रंग बदलेल तिथे त्यांच्या लेखी नवी वस्तू सुरू होई. ठिपक्याठिपक्यांची गाय एक प्राणी म्हणून दिसण्यासाठी केवढी जुळवाजुळव लागते, हे त्यांच्याकडे पाहून कळते. पण त्याच आकृत्या हलत्या दाखवल्या की चित्र पालटे. जे तुकडे बरोबर सरकत, ते एका वस्तूचे म्हणून त्यांना लगेच ओळखू येत. काही महिन्यांनी स्थिर चित्रेही त्यांना बरीच नीट दिसू लागली. व्हेर्टहायमरच्या नियमांपैकी हालचालीचा नियम बहुधा आधी कामाला लागतो आणि त्याच्या आधाराने बाकीचे शिकले जातात, असे यावरून म्हणता येते.

सगळेच शिकून येते असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. वर जाताना एकमेकींकडे झुकत जाणाऱ्या दोन रेघांमध्ये सारख्या लांबीच्या दोन आडव्या रेघा काढल्या, तर वरची लांब भासते. दूर जाणारे रस्ते आणि रूळ पाहून पाहून मेंदूला ही खोड लागते, असे स्पष्टीकरण वर्षानुवर्षे दिले जात होते. याच प्रकल्पातल्या, जन्मजात मोतीबिंदू काढलेल्या ९ मुलांना दृष्टी येताच ही आकृती दाखवण्यात आली, आणि त्याचा अहवाल २०१५ मध्ये आला. दूर जाणारा रस्ता यांपैकी कोणीही कधी धड पाहिलेला नव्हता. त्यांनाही वरचीच रेघ लांब दिसली.