कार्बिमाझोल घेताना घसा धरला तर

पावसाळ्यात खानापूर, जांबोटीकडे घरटी एकाला तरी ताप असतोच. "आक्का, भिजलीस म्हणून घसा धरलाय, मेडिकलमधून गोळी आण," एवढ्यावर विषय मिटतो. बहुतेकांना ते चालूनही जातं. पण आक्का थायरॉइडसाठी कार्बिमाझोल घेत असेल तर तिचं रक्त त्याच दिवशी तपासायला हवं, कारण या औषधाने क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळतात.

बेळगावात थायरॉइडची गोळी घेणारे बहुतेक जण सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन घेतात, त्यांची ग्रंथी मंदावलेली असते. त्यांना ही भीती नाही. कार्बिमाझोल देतात ते ग्रंथी अतिकाम करते तेव्हा, बहुधा ग्रेव्हज आजारात.

हा आजार मुळात प्रतिकारशक्तीचा. तिने बनवलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) ग्रंथीच्या टीएसएच ग्राहींना, म्हणजे ग्रंथीला कामाला लावणारा टीएसएच हार्मोन जिथे बसतो त्या जागांना, चिकटतात आणि तिला सतत कामाला जुंपतात. कार्बिमाझोलचं शरीरात मेथिमाझोल होतं. ते थायरॉइड पेरॉक्सिडेज हे एन्झाइम अडवतं, मग नवा हार्मोन बनत नाही. आधीचा साठा संपेपर्यंत काही आठवडे जातातच.

गंमत अशी, की काही महिन्यांत प्रतिपिंडंही उतरतात. औषध थेट लिम्फोसाइट या प्रतिकारशक्तीच्या पेशींना आवरतं, असं १९८० च्या दशकात अनेकांनी मांडलं. प्रयोगशाळेत तशा खुणाही दिसल्या. पण २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या अभ्यासात गोळ्यांऐवजी ग्रंथीची शस्त्रक्रिया झालेल्यांची प्रतिपिंडंही जवळपास तशीच उतरली. मला हा पुरावा वजनदार वाटतो: हार्मोनचा पूर ओसरला की प्रतिकारशक्तीही बरीचशी ताळ्यावर येते. तरी गोळ्या थांबवल्यावर साधारण निम्म्या जणांत आजार उलटतो. (तंबाखूवाल्या निपाणीकरांनी राग मानू नये, पण विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत या आजाराचा डोळ्यांना होणारा त्रास जास्त दिसतो.)

धोका आहे तो न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना. हजारात दोन ते पाच रुग्णांत त्या जवळजवळ नाहीशा होतात, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत. या पेशींत मायलोपेरॉक्सिडेज असतं, थायरॉइड पेरॉक्सिडेजचंच चुलत भावंड. त्याच्यामुळे औषधाचे घातक तुकडे बनून प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उठते, असा एक तर्क आहे. काही वंशगटांत ठरावीक एचएलए जनुकं (प्रतिकारशक्तीशी निगडित) असणाऱ्यांना हा धोका जास्त, हेही आढळलंय.

रिपोर्ट वाचताना नुसती एकूण संख्या बघू नका. पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटर रक्तात १,८०० आणि त्यात न्यूट्रोफिल २० टक्के, म्हणजे प्रत्यक्षात ३६० झाले. ५०० च्या खाली गेलं की साधा घसाही जिवावर बेततो. संख्या अचानक कोसळते, त्यामुळे गेल्या महिन्याचा चांगला रिपोर्ट दाखवून उपयोग नाही.

ताप, घशात फोड, गिळताना कळ, यांपैकी काहीही झालं तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना गाठायचं आणि औषधाचं नाव आधी सांगायचं. न्यूट्रोफिल खरंच कोसळले असतील तर प्रोपिलथायोयुरासिल या दुसऱ्या गोळीवर बदलूनही चालत नाही. तेही त्याच कुळातलं. मग रेडिओआयोडीन (किरणोत्सारी आयोडीन) किंवा शस्त्रक्रिया, यांतून निवडावं लागतं.