जुनी पिकअप आणि आजचं पेट्रोल

जुनी विलीज (जीपवाल्या कंपनीची) पिकअप पुन्हा उभी करायची, तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगराइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. भाग मिळत नसेल तर ओतून घ्या, लेथवर उतरवून घ्या. खरी अडचण येते ती टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागापर्यंतच्या वाटेवर, कारण गाडी १९५० च्या सुमाराची आणि पेट्रोल आजचं.

फेब्रुवारी २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळू लागलं आणि आता बहुतेक पंपांवर तेच असतं. हे इथेनॉल उसाच्या रसापासून, मळीपासून आणि धान्यापासूनही बनतं. कोल्हापूर जिल्ह्याच्या उसाला त्यातून आणखी एक गिऱ्हाईक मिळालं, हे चांगलंच झालं. पण जुन्या गाडीचं रबर इथेनॉलसाठी बनलेलं नाही. पाईप आणि पंपाचा डायफ्राम (पेट्रोल ओढणारा रबरी पडदा) फुगतात, मऊ पडतात, मग तडकतात. कॉर्कची पॅकिंग सुटतात. टाकीत वर्षानुवर्षं बसलेला चिकट थर इथेनॉलमुळे सुटतो आणि थेट कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकात, जाऊन अडकतो.

पाण्याचा त्रास याहून मोठा. साध्या पेट्रोलमध्ये पाणी जवळजवळ विरघळत नाही. इथेनॉल मात्र हवेतला ओलावा ओढून धरतं, तेही एका मर्यादेपर्यंतच. ती ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र येऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. पंप नेमका तिथूनच ओढतो. पावसाळाभर शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी अशीच आतून गंजते. म्हणून माझ्या मते खर्चाचा पहिला रुपया टाकीवर जावा: ती उतरवून आतून साफ करा आणि पाईप, डायफ्राम, फ्लोटच्या सुईचं (कार्बोरेटर भरला की पेट्रोल अडवणाऱ्या सुईचं) टोक हे सगळं इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं, उदाहरणार्थ व्हायटॉनचं, बसवा.

आता हवा आणि पेट्रोलच्या मिश्रणाचं गणित. एक किलो साधं पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. शुद्ध इथेनॉलला फक्त ९. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साधारण साडेतेरा. कार्बोरेटरला हे कळत नाही. जेटचं भोक तेवढंच, त्यामुळे मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, गाडी वेग घेताना अडखळते आणि इंजिन जास्त तापतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर आहे. इथली हवा कोकणापेक्षा जरा विरळ, म्हणजे वजनाने कमी, म्हणून इथे हा दोष थोडा झाकला जातो. करूळ घाट उतरून कोकणात वैभववाडीला गेलात की तो उघडा पडतो. जेट एक माप मोठं घातलं की बरंच भागतं.

तोच घाट मे महिन्यात चढताना दुसरी गोष्ट घडते. जुना पंप इंजिनलाच बसवलेला असतो आणि टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना पाईपमधला दाब कमी होतो. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांना उकळू लागतात. दाब कमी झाला की त्याआधीच. पाईपमध्ये वाफ भरते, पंप नुसता फिरत राहतो आणि गाडी चढावर बंद पडते. इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ, खालच्या बाजूला बसवला की तो पेट्रोल ओढत नाही, ढकलतो. दाब वाढला की उकळणं लांबतं. मात्र कार्बोरेटरला तीन-चार पीएसआय (दाबाचं माप) पुरे. जास्त दाब दिला तर फ्लोटची सुई जागेवरून सरकते आणि पेट्रोल ओसंडतं.

कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन (दाबाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा) बसवायचं म्हटलं तर दाब सहसा ४० पीएसआयच्या वर जातो. जुने पाईप आणि साध्या क्लिपा तिथे चालत नाहीत. गरम इंजिनवर पेट्रोलची चिळकांडी उडाली तर गाडी पेटेल. शिवाय बऱ्याच संचांना टाकीकडे परत जाणारी वेगळी लाईन लागते. त्या बदल्यात सायलेन्सरच्या पाईपमधला ऑक्सिजन सेन्सर धूर तपासतो आणि मिश्रण क्षणोक्षणी सुधारतं, मग पेट्रोल कोणतंही असो, घाट कोणताही असो. गाडी रोज चालवणार असाल तर हा खर्च योग्य. सणासुदीला बाहेर काढणार असाल तर कार्बोरेटरच राहू द्या.

पंप कोणताही घ्या, आधी वायरिंग बघा. सुरुवातीच्या विलीज ६ व्होल्टच्या होत्या आणि आजचे पंप १२ व्होल्ट मागतात. इंजिन बंद पडताच पंपही बंद होईल, असा रिलेही (आपोआप चालणारा स्विच) त्याच वेळी जोडून घ्या.