लेन्स आणि सेन्सरमधले मोजके मिलिमीटर

उन्हाळा लागला की ताडोबा-पेंचच्या सफारींसाठी नागपुरात कॅमेऱ्यांची खरेदी जोर धरते आणि सीताबर्डीत हमखास ऐकू येतं, ‘मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घेताय ना, मग जुन्या लेन्स काढून टाका.’ या एका वाक्यापायी उत्तम लेन्स कवडीमोलाने जातात. विकण्याआधी एक आकडा बघाच: फ्लँज अंतर.

बॉडीवर लेन्स जिथे बसते त्या धातूच्या कडीपासून सेन्सरपर्यंतचं हे अंतर. निकॉनच्या १९५९ सालच्या एफ माउंटमध्ये (माउंट म्हणजे लेन्स बसवायची जोडणी) ते ४६.५ मिलिमीटर, कॅननच्या १९८७ सालच्या ईएफमध्ये ४४. या कॅमेऱ्यांत लेन्समागे असलेला आरसा वर-खाली व्हायला एवढी जागा लागायची. मिररलेसमध्ये आरसाच नाही, त्यामुळे निकॉन झेडमध्ये ते १६ वर आलं, कॅनन आरएफमध्ये २० वर.

शाळेत भिंगाने कागद जाळताना भिंग ठरावीक अंतरावरच धरावं लागायचं. दूरच्या वस्तूची प्रतिमा नाभीवरच पडते. ५० मिलिमीटर नाभीय अंतराची लेन्स तिच्या ठरल्या जागेपेक्षा थोडी पुढे, म्हणजे सेन्सरपासून लांब, बसली तर काय होईल? न्यूटनचं सूत्र सांगतं: पुढच्या नाभीपासून वस्तूचं अंतर गुणिले मागच्या नाभीपासून प्रतिमेचं अंतर बरोबर नाभीय अंतराचा वर्ग. ५० चा वर्ग २५००. लेन्स १ मिलिमीटर पुढे गेली, तर जास्तीत जास्त अडीच मीटरवरची वस्तू स्पष्ट दिसेल. चूक फक्त ०.१ मिलिमीटरची असेल तर २५ मीटर. फुटाळा तलावाचा पलीकडचा काठ धूसरच!

आता कॅननची ५० मिलिमीटरची ईएफ लेन्स निकॉनच्या एफ बॉडीवर लावायची म्हटलं, तर अ‍ॅडॅप्टरची (दोन वेगळे माउंट जोडणाऱ्या कडीची) जाडी शून्य धरली तरी ती अडीच मिलिमीटर पुढे बसते, म्हणजे एका मीटरपलीकडे सगळं धूसर. मिररलेसवर मात्र गणित उलटं होतं. ४६.५ मधून १६ वजा केले की ३०.५ मिलिमीटर मोकळे उरतात आणि तेवढ्याच लांबीची पोकळ नळी, निकॉनचा एफटीझेड अ‍ॅडॅप्टर, ती जागा भरते. आत काच नाही, फक्त हवा. त्यामुळे ‘अ‍ॅडॅप्टरने फोटोची क्वालिटी पडते’ हा समज अशा अ‍ॅडॅप्टरच्या बाबतीत निराधार आहे. लेन्स कोणत्या साली बनली हे प्रकाशकिरणाला कळत नाही.

दुसरा मुद्दा प्रतिमेच्या वर्तुळाचा, म्हणजे लेन्स सेन्सरवर पाडते त्या गोल प्रतिमेचा. सेन्सर त्या वर्तुळात मावायला हवा. फुल फ्रेम या मोठ्या सेन्सरचा कर्ण सुमारे ४३ मिलिमीटर, निकॉनच्या डीएक्स या लहान सेन्सरचा २८. लहान वर्तुळाची डीएक्स लेन्स फुल फ्रेम बॉडीवर बसते, पण बॉडी चित्र कापते आणि ४५ मेगापिक्सेलचे जेमतेम २० उरतात. पुढे फुल फ्रेमवर जायचं पक्कं असेल, तर आजच ते मोठं वर्तुळ झाकणारी लेन्स घ्या, थोडी महाग पडली तरी.

राहिला ऑटोफोकस. कॅननने १९८७ मध्येच मोटर लेन्समध्ये बसवली, त्यामुळे ईएफ लेन्सचा ऑटोफोकस आरएफ बॉडीवरही अ‍ॅडॅप्टरमधून चालतो. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्सना मात्र बॉडीतली मोटर फिरवते आणि एफटीझेडमध्ये मोटर नाही. सेकंडहँड लेन्स घेताना ती उलटी करून मागची धातूची कडी नीट बघा. कडीवर खाच असलेला बारीकसा स्क्रू दिसला, तर एफटीझेडवर फोकसची रिंग हातानेच फिरवावी लागेल. पळत्या वाघामागे ते जमणं कठीण. अंबाझरी तलावाच्या काठावर निवांत बसलेल्या बगळ्यासाठी ती लेन्स खुशाल घ्या.