सुरक्षा-चाचणी साधनातील मॉड्यूलची देखभाल

मेटास्प्लॉइटसारख्या मुक्तस्रोत सुरक्षा-चाचणी साधनात दाखल झालेली मॉड्यूल (एकेका कामासाठी लिहिलेले छोटे प्रोग्राम) चालती ठेवणे, त्यांतले बग काढणे आणि निकामी झालेली बाजूला करणे, हे काम. नवे एक्सप्लॉइट, म्हणजे त्रुटीचा फायदा घेणारा कोड, लिहिणाऱ्याचे नाव होते, देखभाल करणाऱ्याचे सहसा होत नाही. पण साधनाच्या उत्तरावर कितपत विसंबायचे, हे या दुसऱ्याच्याच हातात असते.

एच. डी. मूर यांनी मेटास्प्लॉइट २००३ मध्ये पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत सुरू केले. २००७ पर्यंत ते रूबी या दुसऱ्या भाषेत नव्याने लिहिले गेले आणि २००९ मध्ये रॅपिड७ कंपनीने प्रकल्प विकत घेतला. फ्रेमवर्कचा कोड मात्र बीएसडी परवान्याखाली खुलाच आहे.

मॉड्यूलला कुणी हात लावला नाही तरी ते बिघडते, कारण भोवतालचे बदलत राहते: रूबीची आवृत्ती, लायब्ररी, समोरच्या सर्व्हरच्या उत्तराची ठेवण. सर्वांत नेहमीचा बग अगदी साधा असतो. मॉड्यूल विनंती पाठवते, सर्व्हर गप्प राहतो, उत्तराच्या जागी ‘निल’ (काहीच नाही) येते आणि पुढची ओळ त्याचाच स्टेटस कोड (उत्तराचा प्रकार सांगणारा आकडा) विचारायला जाते. मॉड्यूल तिथेच कोसळते. दुरुस्ती एका ओळीची.

कोसळणारे मॉड्यूल निदान दिसते तरी. खरी डोकेदुखी चुकीचे उत्तर देणाऱ्याची. मॉड्यूलमधली ‘चेक’ ही पद्धत हल्ला न करता लक्ष्य असुरक्षित आहे का ते पाहते. समजा, त्रुटी २.१० आवृत्तीत दुरुस्त झाली आहे आणि सर्व्हरवर २.९ आहे. आवृत्त्यांची तुलना अक्षरमाला म्हणून केली, तर ९ हा १ पेक्षा मोठा, म्हणून २.९ ही २.१० च्या पुढची ठरते आणि उघडे भगदाड ‘सेफ’ (सुरक्षित) म्हणून अहवालात जाते. त्यामुळे आवृत्ती तुलनेसाठी असलेला वेगळा क्लास (कोडचा तयार घटक) वापरायचा असतो. तेवढ्यानेही भागत नाही: लिनक्स वितरणे अनेकदा आवृत्ती क्रमांक तोच ठेवून फक्त दुरुस्ती त्या जुन्या आवृत्तीत आणतात. म्हणून नुसत्या आवृत्तीवरून ‘व्हल्नरेबल’ (असुरक्षित आहे) न म्हणता ‘अपिअर्स’ (तसे दिसते) म्हणावे, असा संकेत आहे.

मेमरीशी खेळणाऱ्या मॉड्यूलमध्ये चूक महागात पडते. २००८ च्या एमएस०८-०६७ या विंडोज त्रुटीच्या मॉड्यूलमध्ये लक्ष्यांची लांबलचक यादी आहे, सर्व्हिस पॅक आणि भाषेनुसार वेगवेगळी. लक्ष्य चुकले की विंडोजची ‘सर्व्हर’ नावाची सेवा बंद पडते आणि त्याच प्रोसेसमधल्या इतर सेवाही सोबत जातात.

दुरुस्ती गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) म्हणून येते. रुबोकॉप आणि ‘एमएसएफटायडी’ ही साधने कोडची मांडणी तपासतात, पण मर्ज करण्याआधी, म्हणजे मुख्य कोडात मिसळण्याआधी, ती दुरुस्ती खऱ्या लक्ष्यावर चालवून पाहणे अपेक्षित असते. अडते ते इथेच. दहा वर्षांपूर्वीची असुरक्षित आवृत्ती उत्पादकाने डाउनलोडमधून कधीच काढलेली असते, किंवा लक्ष्य म्हणजे एखादा राउटर असतो आणि तो कुणाकडेच नसतो. मग तक्रार करणाऱ्याने दिलेला लॉग किंवा पॅकेट कॅप्चर (नेटवर्कवरच्या देवाणघेवाणीची नोंद) हाच आधार. त्यातले पासवर्ड आणि पत्ते आधी पुसावे लागतात.

मॉड्यूलचे नाव बदलले तरी जुने नाव काही काळ चालू ठेवतात, वापरताना इशारा दिसतो. त्या नावावर कुणाच्या स्क्रिप्ट अवलंबून आहेत, हे देखभाल करणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.